दाराशी थांबलेली धोबीण

आमच्या पिढीतल्या बायकांनी निम्मे सिनेमे कानांनी पाहिलेत. बाहेर टीव्ही चालू, आत आपण पोळ्या लाटतोय. संवाद ऐकू यायचे, हिरॉईन रडायला लागली की गॅस बारीक करून दारापर्यंत धावायचं. तेवढ्यावर भागत होतं. मग नवऱ्याला मूकपटांचं वेड लागलं आणि माझं तेही गेलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही बदलापूरला, खरवईच्या बाजूला फ्लॅट घेतला होता. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात. कुठल्याशा फिल्म सोसायटीत जाऊन आला आणि बोलपट त्याला एकदम बटबटीत वाटायला लागले. उल्हासनगरच्या कॅसेटवाल्याकडून जुन्या विलायती मूकपटांच्या कॉप्या यायला लागल्या. दर रविवारी दुपारी ऑफिसातले तीन मित्र आणि कॉकटेल. कॉकटेल म्हणजे रम, कोकम सरबत आणि गोटी सोडा. ते हलवायला माझा नोकरीच्या दिवसांतला फिरकीच्या झाकणाचा डबा, मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण. मिसळायचं मी, भजी तळायची मी, शेजारणीकडून बर्फ मागून आणायचा तोही मीच.

आत ऐकू काय येणार? नुसता पियानो. तो धावायला लागला की कोणीतरी पळतंय, एवढं कळायचं. प्लेट ठेवायला बाहेर गेलं की पडद्यावर इंग्रजी पाटी असायची. मला इंग्रजी वाचता येतं, पण उभ्या उभ्या चार शब्द वाचेपर्यंत पाटी जायची आणि कोणीतरी म्हणायचं, "वहिनी, जरा बाजूला."

त्यांचा सगळ्यात लाडका पिक्चर एका धोबिणीचा. हा फिल्म सोसायटीतही कधी दाखवला नाही, फक्त आपल्याच कॅसेटवर आहे, असं नवरा मिरवायचा. तिचं पोर श्रीमंतांकडे वाढतं, म्हातारपणी ती त्याला शोधत निघते, एवढं मी येता-जाता गोळा केलं होतं. चौथ्या ग्लासाला मित्र पेंगायला लागायचे आणि नवरा छताकडे बघून म्हणायचा, "शेवट! असा शेवट पुन्हा होणे नाही."

एकदा मी विचारलं, "अहो, भेटतो का हो तिला मुलगा?"

तो मित्रांकडे बघून हसला. "तुला नाही कळायचं. ते बघावं लागतं."

कढईपुढे उभं राहून बघायचं कसं, ते मात्र सांगितलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला. त्या बाईचं पुढे काय झालं ते आता मला कळायलाच हवं होतं.

पुढच्या रविवारी मी एका टोपणाच्या जागी दोन टोपणं घातली. साडेतीनला चौघंही घोरत होते. गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्याच्या खुर्चीशेजारी ऐटीत बसले. धोबीण जिना चढली. दाराशी आली. कडी वाजवायला हात उचलला, आणि पडद्यावर मुंग्या. फॉरवर्ड करून पाहिलं, तर कॅसेट संपेपर्यंत मुंग्याच.

त्याच आठवड्यात चादरी घ्यायला उल्हासनगरला गेले, तेव्हा मुद्दाम कॅसेटवाल्याकडे वळले.

"भाभी, कॉपी करते करते लाइट चली गयी," तो म्हणाला. "साहब को उसी दिन बोला था, दुबारा करके देता हूँ. साहब बोले, रहने दो, चलेगा."

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! इतके रविवार हा माणूस ज्या शेवटासाठी उसासे टाकत होता, तो त्याने पाहिलाच नव्हता.

संध्याकाळी चहा दिला आणि साळसूदपणे म्हटलं, "अहो, एकदा सांगा तरी, शेवटी काय होतं?"

त्याने कप खाली ठेवला. दार उघडतं, म्हणाला. समोर मुलगाच असतो, पण तो तिला ओळखत नाही. ती त्याचा चेहरा बघून घेते आणि विचारते, धुवायचे कपडे आहेत का? तो आत जाऊन आपला शर्ट आणून देतो. ती तो छातीशी धरून जिना उतरते. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. लाज वाटली, पण माझेही आले.

नऊ वर्षांच्या संसारात तो माझ्याशी सलग इतका वेळ कधी बोलला नव्हता, आणि त्यातला एक शब्दही खरा नव्हता.