पाचच मासे

ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत दिवसभर मेण आणि प्लास्टर, आणि घरी आली की मासे. मासे केवढे, तर वाटाण्याएवढे! हिरवट पिवळे, काळ्या ठिपक्यांचे, घाबरले की पोट फुगवणारे. सहा होते. त्यांच्या टाकीत तिने पाणवनस्पतींचं रान माजवलं होतं, कारण लपायला जागा नसेल तर हे चिमुरडे एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात. त्यांना खायला म्हणून बरणीत गोगलगायी वाढवायची.

"दिवसभर दात घडवतेस आणि घरी चावरे मासे पाळतेस," आई म्हणायची. पण ते आईला सगळं आठवायचं तेव्हा. आता वर्षभर तिला सकाळचं दुपारी आठवेलच असं नव्हतं. म्हणून शेजारच्या काकू येऊन बसायच्या.

त्या दिवशी काकूंना मध्येच घरी जावं लागलं. त्यांचा फोन आला म्हणून दुपारी दोनलाच ती कामावरून आली, तर आई एकटीच टाकीसमोर खुर्चीत. टाकीचं झाकण जमिनीवर. आईची बाही कोपरापर्यंत ओली. आणि आई काहीतरी चघळत होती.

"आई, काय खाल्लंस?"

"वाटाणा."

तिने मासे मोजले. पाच. पानं बाजूला सारून पुन्हा मोजले. पाचच.

हे मासे विषारी असू शकतात, असं दुकानदाराने बजावलं होतं. तेव्हा ती हसली होती. एवढासा मासा खाणार कोण?

"आ कर," ती ओरडलीच. आईच्या तोंडात बोट घालून तिने चाचपलं. हिरवा चोथा निघाला. कशाचा, ते कळेना.

तिने डॉक्टरांना फोन लावला. "त्या माशात विष किती, मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "वाट बघू नका, घेऊन या."

इस्पितळात चार तास काढले. आईच्या बोटाला यंत्राचा चिमटा, आणि हिची नजर यंत्राच्या आकड्यावर. दर पाच मिनिटांनी ती विचारायची, "ओठ बधिर वाटतात का गं?"

"माझे ठीक आहेत. तुझेच पांढरे पडलेत."

आई खोकली तरी ही नर्सला बोलवायची. शेवटी डॉक्टरांनी घरी सोडलं, तरी तिला धीर येईना.

आईला पलंगावर बसवताना तिचं लक्ष खिडकीतल्या फुलदाणीकडे गेलं. फुलं काढून टाकलेली. पाण्यात, शेपटी अर्धी कुरतडलेला, सहावा मासा.

"हा इथे कसा?"

"बाकीचे चावत होते त्याला. म्हणून वेगळा काढला. त्याच्याच पाण्यात ठेवलाय, पेल्याने आणून."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस काय खाल्लं. वाटाणे खाल्ले होते, काकूंनी उकडून दिलेले."

तिला हसू आलं नाही. ती जमिनीवरच बसली आणि रडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "अगं, जगेल तो."

जगला. त्याला छोटी टाकी मिळाली, मोठीच्या झाकणाला कडी बसली. ती आता निम्मं काम घरी आणते. पण दवाखान्यात असताना फोन वाजला, की अजून तिच्या हातातलं मेण खाली पडतं.