ओट्याची माझी बाजू

हिंगोलीच्या स्टँडवर सकाळची गाडी लागली तेव्हा आईने माझी बॅग स्वतः आत नेली, सीटखाली सरकवली आणि तिची चेन तीनदा ओढून पाहिली. बाबा खाली कंडक्टरला काहीतरी विचारत होते. गाडी हलली तशी आई खिडकीशी आली. मला वाटलं, जेवत जा, फोन कर, असं काही म्हणेल. ती म्हणाली, "सामान डोळ्यापुढं ठिव. परकी माणसं लई गोड बोलतेत." रडायचं राहूनच गेलं. पुण्यापर्यंत मी दोन्ही पाय बॅगेवर ठेवून बसले.

गावाकडे राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच बॅग उचलून चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आलेल्यांनो, हे तुम्हाला सांगते आहे. फोनवर ही गोष्ट मी कुणालाच धड सांगितलेली नाही.

महाळुंग्याच्या एका कंपनीत, गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर मला काम मिळालं. राहायला रावेतला वन बीएचके. तिथे आधीपासून प्रणिता राहत होती, संगमेश्वरकडची, आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लँटमध्ये. बोलकी, हसरी, पहिल्याच दिवशी स्वतःच्या ताटातली भाजी मला वाढणारी. आईने सांगितलेलं माणूस ते हेच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आठवड्याभरात मी ओटा वाटून घेतला. शेगडीच्या डावीकडे तिचं, उजवीकडे माझं. डावीकडे सिंक होतं, त्यामुळे तिला उरली वीतभर जागा. माझ्या बाजूला मिक्सर, पिठाचा डबा, चटणीच्या बरण्या आणि ओट्यावरचा एकुलता एक प्लग. वाटणी बरोबर नव्हती हे मला दिसत होतं. ती त्यावर काहीच बोलली नाही, तर मला त्याचाही संशय आला.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका रविवारी दुपारी ती रिक्षातून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन आली. खोका नाही, बिल नाही. चादर सोडली तर आत स्टीलची कॉफीची मशीन. पुढे लांब हँडल, बाजूला वाफेची नळी. असली मशीन मी एकदाच पाहिली होती, कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये.

"विकत घेतलीस?"

"नाय गो, मिळाली. एस्प्रेसो शिकायचीय मला."

तिने शिवणाच्या टेपने ओटा मोजला. तिच्या बाजूला सिंकचं पाणी उडत होतं आणि वायर प्लगपर्यंत पोचत नव्हती. "तुझा मिक्सर फ्रिजवर ठेवला तर मशीन तिकडे बसेल," ती म्हणाली.

"मला रोज लागतो," मी म्हटलं. रोज लागत नव्हता.

मग मशीन बसली जमिनीवर, फ्रिजशेजारच्या प्लगला. प्रणिता फरशीवर मांडी घालून दूध फेसाळायची, फेस फसला की ओतून पुन्हा करायची. मी भाजी चिरता चिरता तिच्याकडे बघत राहायचे. मिळाली म्हणजे काय? असल्या वस्तू कुणाला मिळतात?

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. कंपनीचं निळं जॅकेट घालून ती निघायची, पण कंपनीच्या बसमध्ये मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "माझी शिफ्ट वेगळी आहे," म्हणायची. परत आली की जॅकेटला जळक्या दुधाचा वास. वायरिंगच्या लाइनवर दूध कुठून आलं? एकदा ती आंघोळीला गेली असताना मी तिची बॅग उघडली. आत काळा एप्रन होता आणि कॉफीच्या बियांची पुडी. बॅग होती तशी बंद केली. लाज वाटली नाही. उलट, माझं बरोबरच होतं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या लाइन लीडर सुरेखाताईंना विचारलं, "ताई, गेस्ट हाऊसमधून कॉफीची मशीन गेलीय का हो?" का विचारते, तेही सांगितलं.

"प्रणिता?" त्या म्हणाल्या. "अगं, तिची ट्रेनीची मुदत कधीच संपली. तीन महिने झाले ती कंपनीत नाही."

मग रोज सकाळी ती जाते कुठे? मी घरी आल्यावर कपाटाला दुसरं कुलूप लावलं.

चार दिवसांनी संध्याकाळी प्रणिताने मोबाइल माझ्यासमोर धरला. तिच्या जुन्या प्लँटमधल्या मुलींच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, 'गेस्ट हाऊसची मशीन तू नेलीस म्हणे?' खाली हसणारे चेहरे.

"हे तूच बोललीस ना?"

मी मान डोलावली.

"एक्स्प्रेसवेजवळच्या कॅफेत कप धुते मी. मशीनवर उभं राहायचं तर आधी शीक म्हणाले. मालकांनी त्यांच्या घरातली जुनी मशीन दिली सरावाला." तिचा आवाज चढला नव्हता. "आपल्या घरमालकीण काकू कंपनीतल्या मुलींनाच जागा देतात. जॅकेट काढलं असतं तर जागा गेली असती."

"मला तरी सांगायचंस."

"तुला? तू कपाटाला कुलूप लावून आंघोळीला जातेस गो. तुला कशी सांगणार?"

ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये सगळ्या बसलेल्या असताना मी उभी राहिले आणि म्हणाले, "प्रणिताने काही चोरलेलं नाही. मीच खोटं पसरवलं." दोघी-तिघी हसल्या. बाकीच्या जेवत राहिल्या. "जाऊ दे ना, लोक विसरतात," सुरेखाताई म्हणाल्या. त्याही त्या ग्रुपवर होत्या. मी त्यांच्याकडून फोन घेतला आणि ग्रुपवर हेच वाक्य माझ्या नावानिशी लिहून पाठवलं.

घरी आले आणि मिक्सर फ्रिजवर ठेवला, पिठाचा डबा खाली घेतला. मशीन उचलून माझ्या कोपऱ्यात ठेवली. दोन बोटं जागा उरली. पण पाण्याच्या टाकीचं झाकण वरच्या कपाटाला अडत होतं, उघडेचना. मी खटपट करत असताना प्रणिता आली. तिने जुन्या स्वेटरचे चार तुकडे कापून, मशीन सहज सरकावी म्हणून, तिच्या पायांखाली घातले. मशीन हलकेच पुढे ओढली, झाकण उघडलं.

"पाणी भर," ती म्हणाली. कालपासूनचे पहिले शब्द.

कॉफी कडू होती. मी सगळी प्यायले.

काही महिन्यांनी भाडेकरार नवा करायला मालकीणकाकू आल्या तेव्हा मशीनकडे बघून, मग प्रणिताकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही कुठल्या कंपनीत असते?" प्रणिता माझ्याकडे बघायला लागली.

"कंपनीत नाही, कॅफेत आहे," मी म्हणाले. "मशीनवर असते आता. तिची जबाबदारी माझी."

काकूंनी आम्हा दोघींना न्याहाळलं. मग तिच्या नावाखाली जामीन म्हणून माझीही सही घेतली.

हिंगोलीला गेले की शेजारच्या बाया विचारतात, तिकडं तुझं कोण हाय? आधी मी म्हणायचे, कुणी नाही, कंपनी आहे. आता प्रणिताचं नाव सांगते. मग विचारतात, नात्यातली हाय का? मी हो म्हणते. पुढे कुणी काही विचारत नाही, आणि मी तिच्याशी कशी वागले होते ते त्यांच्यापैकी कुणालाही सांगत नाही; तुम्हालाच सांगितलं.