उत्तनच्या घरी जेवलो आणि खोटं बोललो

सव्वीस जानेवारीला मीरा रोडला हाटकेश भागातल्या आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं. यंदा संविधानाची उद्देशिका वाचायचा मान सेक्रेटरी म्हणून माझा होता. टाळ्या पडल्या. त्याच तोऱ्यात मी बायकोला म्हणालो, "वृंदा, चल, उत्तनला मासे खायला जाऊ." आमच्या इमारतीत मासे शिजवायला बंदी आहे, म्हणून ही फेरी अधूनमधून होते.

स्कूटरने जाणार असाल तर सकाळीच निघा. उशीर झाला तर भाईंदर पश्चिमेच्या बाजारात रस्ता अडतो. एकदा बाजार मागे पडला की समुद्राचा वारा लागतो. उत्तन हे कोळ्यांचं गाव, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाडी आली तर एकाने मागे सरायचं. दोन्ही बाजूंना बांबूंवर लटकवलेले बोंबील.

लुसीमावशी घरगुती जेवण देतात. निघण्याआधी फोन करावा लागतो. खर्च हॉटेलपेक्षा बराच कमी. भरलेलं पापलेट, बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. वाढायला त्यांची मुलगी ग्रेटा होती. ती मीरा रोडच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. मी लगेच सोसायटीचं नाव, माझं सेक्रेटरीपद सांगून सकाळच्या वाचनाची फुशारकी मारली आणि विचारलं, "मुलांना काय समजावणं अवघड जातं?"

"बंधुता," ती म्हणाली. "स्वातंत्र्य, समता हिरावली तर कोर्टात जाता येतं. शेजाऱ्याने आपलं मानलं नाही, तर कुणावर केस करणार? संविधान लिहिणाऱ्यांनी ते आपल्यावर सोडलंय."

"वा!" मी म्हणालो आणि आणखी एक भाकरी घेतली.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "पोरीला रोजचा हेलपाटा पडतोय. तुमच्याकडं भाड्याची जागा हाय का एखादी?"

आमचाच दुसरा फ्लॅट, त्याच इमारतीत, दिवाळीपासून रिकामा होता. वृंदाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे कमिटीचे चेहरे आले.

"नाही हो, सध्या तरी काहीच नाही."

ग्रेटाचा हात कालवणाच्या पातेल्यावर थांबला. "सर, तुमच्या सोसायटीत मी मागच्या महिन्यात चौकशी केली होती. वॉचमन म्हणाला, सेक्रेटरींचा फ्लॅट रिकामा आहे, पण मासे खाणाऱ्यांना नाही."

आवाजात राग नव्हता. माझ्या ताटात पापलेटचा काटा होता.

"र्‍हाऊ दे गो," मावशी म्हणाल्या. "जेवा तुम्ही, गार व्हतंय."

हात धुऊन आम्ही निघालो. जवळच्या पाली गावचा किनारा बघायचा बेत होता, पण त्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही. आम्ही तिकडे गेलोच नाही. परतीच्या वाटेवर वृंदा एवढंच म्हणाली, "मीही गप्पच बसले ना."

पुढच्या मीटिंगमध्ये मी म्हणालो, ही बंदी काढा. आरडाओरडा झाला. एका सभासदाने विचारलं, "इतकी वर्षं हा नियम तुम्हीच सांभाळलात ना?" निर्णय पुढे ढकलला. तरी मी ग्रेटाला फोन केला. "फ्लॅट तुझा. कमिटीशी मी भांडतोय."

"मग आधी भांडून घ्या, सर," ती म्हणाली. "शाळेतून दमून आल्यावर मला जिन्यात मान खाली घालून चढायचं नाही."

फ्लॅट अजून रिकामाच आहे, भांडण चालू आहे. उत्तनला तुम्ही जरूर जा, मावशींच्या हाताला चव आहे. मी मात्र या भांडणाचा निकाल लागेपर्यंत त्या घरात पानावर बसू शकत नाही.