विहीणबाईंचा बियाण्याचा दुधी

रविवार, मार्गशीर्षातला शेवटचा, सकाळचे नऊ. स्थळ: सांगवीतल्या एका जुन्या इमारतीची गच्ची. हजर: मी, माझी लेक, जावई, व्याही, टेम्पोवाला आणि विहीणबाई. शिवाय वेलीला लटकलेला एक दुधी, ज्याच्यापायी आम्ही सगळे खोळंबलो होतो.

महागाईवर बोलणारी माणसं घरोघरी आहेत; पण महागाईशी जातीनं भांडण असलेली बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे माझ्या लेकीची सासू. मी त्यांना ताई म्हणते. भांडण सुरू झालं कोथिंबिरीवरून. चार भाज्या घेतल्या की भाजीवाल्यानं वरून थोडी कोथिंबीर आणि दोन मिरच्या पिशवीत टाकायच्या, ही आपल्याकडची रीत. एका पावसाळ्यात कोथिंबिरीचे भाव कडाडले आणि ताईंच्या नेहमीच्या भाजीवाल्यानं हात आखडला. ताई पिशवी उघडी धरून उभ्याच. तो म्हणाला, "मावशी, आता फुकट नाही परवडत. दहाची देऊ का?" ताई एरवी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलतात, पण राग आला की त्यांचं भोसरीचं माहेर जागं होतं. "मी काय भीक मागाया आलीय व्हय रे? ठेव तुझी कोथमीर तुझ्यापाशी!" म्हणाल्या, घेतलेल्या चारही भाज्या त्याच्या पाटीत परत ओतल्या, आणि घरी येऊन त्याच दुपारी धणे रगडून पेरले.

धण्यांनंतर मिरची आली, मिरचीनंतर टोमॅटो, आणि बघता बघता अख्खी गच्ची गेली. तुटक्या बादल्या, रंगाचे डबे, बेसिन, जावयाचं जुनं हेल्मेट (त्यात पुदिना) सगळं कामाला लागलं. माती, शेणखत, निंबोळी पेंड यांचा हिशेब व्याह्यांनी एकदाच मांडला आणि भीत भीत सांगितलं, "अगं, आपला एक टोमॅटो दीडशेला पडतोय." ताई म्हणाल्या, "मग जपून खा." पुढे हिशेब झाला नाही. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा विहिणीचा मान म्हणून मी चांगली साडी काढून ठेवली होती. ताईंनी ती घेतली, छान म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्याकडे मटारची सालं टाकून देता का हो?" जाताना साडी आमच्या सोफ्यावर विसरल्या. सालं मात्र नेली.

लग्नाच्या बैठकीची गोष्ट तर आमच्याकडे अजून निघते. देण्याघेण्याचं बोलणं नाजूक वळणावर आलेलं, दोन्हीकडचे मामा घसा खाकरत बसलेले, तेवढ्यात ताई एकदम उठल्या. "वरती एक लग्न लावून येते," म्हणाल्या आणि गेल्या. आमच्या मामांचा चेहरा पडला. व्याह्यांनी खुलासा केला, की दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा नराचं फूल मादीला टेकवावं लागतं, नाहीतर फळ धरत नाही. ताई दहा मिनिटांनी हात पुसत परत आल्या आणि म्हणाल्या, "आमचं काही मागणं नाही. मुलीला झाडाला पाणी घालता येतं ना?" बैठक तिथेच संपली.

तर ही इमारत पाडून नवी बांधायची ठरली. बाकीची बिऱ्हाडं केव्हाच गेली. ताईंसाठी रहाटणीत भाड्याचं घर घेतलं, कुंड्या हळूहळू तिकडे नेल्या. पण ताई हलेनात, कारण बियाण्याचा दुधी. तो वेलीवरच वाळला पाहिजे, देठ सुकला पाहिजे, हलवला की आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. आधी तोडला तर बी कच्चं राहतं. भांडणाच्या पहिल्या वर्षापासून ताईंनी त्याच वाणाचं बी राखलं होतं आणि घरात दुसरं एक बी शिल्लक नव्हतं. हा दुधी गेला की वाण गेला.

सोमवारपासून इमारतीचं पाणी बंद होणार होतं. त्यात उद्या अमावास्या, पुढे पौष, आणि पौषात कुणी घर हलवत नाही. ताईंनी जन्मात मुहूर्त पाहिला नव्हता. मुलाच्या लग्नाची तारीखसुद्धा त्याच्या कंपनीतल्या शिफ्ट बघून धरली होती. पण यंदा त्या महिनाभर पंचांग वाचत होत्या. "आजचा दिवस गेला की पौष," त्या निरागसपणे म्हणाल्या, "मग काय, आता माघातच."

"आई, पाणी नाही उद्यापासून!" जावई म्हणाले. "आणि दुधी तीस रुपयाला मिळतो गं मंडईत."

"मिळतो ना? आण मग असला. देठासकट."

टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, बाराला दुसरं भाडं हाय आपल्याला."

रेंगाळलेलं काम मला सहन होत नाही. मी म्हटलं, "ताई, दुधी तोडायचा नाही ना? मग वेलच नेऊ, ड्रमासकट."

ताईंनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं त्या साडीच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग आम्ही वेलीच्या मांडवाच्या दोऱ्या कापल्या. पुढे जावई आणि टेम्पोवाला निळा ड्रम धरून, मागे व्याही खांद्यावर वेल घेऊन, त्यांच्यामागे माझी लेक दोन्ही हातांत दुधी सांभाळत, अशी मिरवणूक चार मजले उतरली. वरून ताई ओरडत होत्या, "देठाला ताण नको! अहो, तुम्ही वाका, वेल वाकवू नका!" ड्रम आणि वेल गादीवर ठेवल्यावर टेम्पोत जागा उरली ती जेमतेम डब्यांची. टेम्पोवाला म्हणाला, "काका, सोफा नेऊ का येल? एक काय ते सांगा." व्याह्यांनी रस्त्याकडेला ठेवलेल्या सोफ्याकडे जरा वेळ पाहिलं. रोज दुपारी ते त्याच्यावरच आडवे होत.

"येल," ते म्हणाले. सोफा वॉचमनच्या खोलीत गेला.

ताईंना बोलवायला मी पुन्हा वर गेले. ड्रम होता तिथे एक ओलसर गोल उरला होता. ताई त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. "एवढीच जागा होती होय?" म्हणाल्या. "मला वाटायचं, केवढं रान आहे."

दुधी रहाटणीच्या बाल्कनीत पौषाच्या शेवटी वाळला. ताईंनी फोनजवळ धरून मला ऐकवला. चांगला खुळखुळत होता. माघ लागला, पौषाची सबब संपली. सांगवीचा वॉचमन दर आठवड्याला फोन करतो, "काका, सोफा कधी नेताय?" टेम्पो ठरवायला मी दोनदा विचारलं. ताई म्हणाल्या, "तुम्हीच आणा हं, मी काही तिकडे येणार नाही." आणि व्याही, जे महिनाभर प्लास्टिकच्या खुर्चीत पाठ धरून बसताहेत, तेही म्हणाले, "राहू द्या हो अजून थोडे दिवस. आपलं काहीतरी तिथे आहे तेवढंच."

माझी बाकीची सगळी कामं झाली. सोफा आणायचा राहिलाय.