शंभर वॅट गेले कुठे?

या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसायला. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी आणि खाली चाळीस जणांचं 'बापरे'... लोकांना कामधंदे नाहीत असं माझं मत होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. मी रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला आहे. मीटर जे दाखवतो ते मी मानतो, बाकी सगळ्या गप्पा. म्हणूनच हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

आम्ही राहतो रोह्यासमोर, नदीपलीकडच्या अष्टमी गावात. गेल्या वर्षी मी घरी क्लास ए ॲम्प्लिफायर बनवला. हल्ली डबीत बोटभर स्पीकर घालून त्याला साउंड सिस्टिम म्हणतात, तसलं नव्हे. क्लास एमध्ये गाणं लागलेलं असो वा नसो, ट्रान्झिस्टरमधून पूर्ण करंट सतत वाहतो. माझा सेट दोनशे वॅट ओढतो, आणि त्यातली बहुतेक सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. त्यासाठी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे मोठे हीटसिंक लावलेत. अर्ध्या तासात ते असे तापतात की बोट टेकवून तीन आकडे मोजता येत नाहीत. शेजारच्यांनी विचारलं की एवढा तापतो तर बिघडलाय का. अशांना काय समजावणार!

सासुरवाडी पेणची. सासरे — आबा — शाडूच्या मूर्ती हाताने घडवणारे. आमच्या घरचा गणपती दरवर्षी त्यांच्याच हातचा. मूर्तीचे डोळे रेखायचे, म्हणजे आखणी करायची, तर आजूबाजूचे मूर्तींचे कारखानेवालेही आबांना बोलवायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. लोंबता, थंडगार. तरीही लेकीच्या घरची मूर्ती त्यांनी एकट्या डाव्या हाताने घडवली, महिनाभर खपून. सोंड जरा कलली होती. माझी बायको सुनीता ती बघून रडली, कारण ही शेवटची हे सगळ्यांनाच कळत होतं.

उशीर झाल्याने मूर्ती ओलीच होती. पेणला कारखान्यात गिऱ्हाइकांची वर्दळ, कुणाचा धक्का लागायला नको म्हणून मेहुणा प्रकाश टेम्पोतून ती आमच्याकडे ठेवून गेला. वाळली की रविवारी रंगासाठी परत न्यायची होती. आबांचा निरोप होता — सावलीत ठेवा, घाई नको, माती तिच्या वेळेनं वाळते.

तिच्या वेळेनं! ऑगस्टमधल्या त्या दमट हवेत आमचे टॉवेल चार दिवस वाळत नाहीत. साठ वर्षं मातीत हात घातले म्हणून काही थर्मोडायनॅमिक्स कळत नसतं, असं मी मनात म्हटलं. बुधवारी सुनीता आबांना बघायला पेणला गेली आणि मी माझी अक्कल चालवली. मूर्ती उचलून उजव्या हीटसिंकसमोर ठेवली, वीतभर अंतरावर. पावणेबाराला सेट चालू केला आणि म्हटलं, तासाभराने फिरवू.

मग डाग द्यायची सोल्डरची तार संपली म्हणून पूल ओलांडून रोह्यात गेलो. तिथेच कंपनीतून फोन आला, कुठलासा कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला होता, ताबडतोब या. गेलो. तिथे दोन इंजिनिअर एका व्हॉल्व्हकडे भक्तिभावाने बघत उभे होते. त्यांची अक्कल काढता काढता साडेतीन वाजले, आणि मग मला एकदम मूर्ती आठवली. भुताची भीती काय असते मला माहीत नाही, पण त्या दिवशी अष्टमीपर्यंत बाईक कशी चालवली तेही आठवत नाही. माती झटकन तापली की तडकते, एवढं मलाही माहीत होतं. त्या मूर्तीच्या जागी सुनीताला दुसरी कुठून आणून देणार होतो मी?

दार उघडलं. मूर्ती तशीच होती. एक चीर नाही. हात लावला तर माती सकाळइतकीच ओली.

लाइट गेली असणार, म्हणून सेटकडे पाहिलं. चालू. प्लगला लावलेला वॅटमीटर दोनशे दाखवत होता. मल्टिमीटर लावला, डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलला करंट पूर्ण. ट्रान्सफॉर्मर नेहमीसारखा कोमट. आणि उजवा हीटसिंक... थंड. माठासारखा थंड. ट्रान्झिस्टरचा हीटसिंकशी संपर्क सुटला असेल म्हणावं, तर मग तो स्वतः जळून जायला हवा. तोही थंड. डाव्या बाजूला मात्र हात लावला आणि बोट भाजलं. म्हणजे उजवीकडे जाणारी निम्मी, शंभर वॅट वीज ट्रान्झिस्टरपर्यंत पोचत होती आणि तिथून पुढे नाहीशी होत होती. भुतंखेतं एक वेळ परवडली, हे परवडत नाही.

तेवढ्यात सुनीताचा फोन.

"आबांचा उजवा हात तापलाय ओ. दुपारपास्नं. नुसता हातच."

ताप बघितला का, असं मी डाफरलो. बघितला होता, अंगात ताप नव्हता. डॉक्टर येऊन गेले होते, त्यांनाही काही सांगता आलं नव्हतं. मी विचारलं, नक्की कधीपासून? ती म्हणाली, बारा वाजायला आले होते तेव्हापासून. माझा एक हात त्या थंड ॲल्युमिनियमवर होता. मी सेटचं बटण बंद केलं. जरा वेळाने पलीकडून ती म्हणाली, "थांबा... आता निवतोय."

योगायोग, मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच अंतरावर शाडूचा ओला गोळा ठेवून पाहिला. हीटसिंक नेहमीसारखा तापला आणि दीड तासात गोळा उभा तडकला. त्यानंतर अनेकदा मापं घेतली, सेटमध्ये काहीही दोष नाही. मूर्ती रविवारपर्यंत आतल्या खोलीत, सावलीत, आपल्या वेळेनं वाळली. हे सगळं मी सुनीतालाही सांगितलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला आम्ही दोघं पेणला गेलो. बुधवारनंतर आबांची उजवी बोटं थोडी वळायला लागली होती. झटक्यानंतर काही महिन्यांनी असं होतं म्हणे, मी त्या समजुतीला घट्ट धरून बसलो होतो. रंग झाला होता, डोळे राहिले होते. आबांनी उजव्या हातात ब्रश मागितला. मला दिवा धरायला सांगितलं. एक डोळा झाला, रेघ जराही हलली नाही. दुसऱ्याला सुरुवात करताना, मूर्तीवरची नजर न काढता ते हळूच म्हणाले,

"मातीला यवढ्या आगीजवळ नाय ठेवायची, जावयबापू. किती येळ हात धरायचा मधी?"

सुनीताने विचारलं, कसली आग? आबांनी दुसऱ्या डोळ्यावर ब्रश टेकवला. मी दिवा मूर्तीच्या आणखी जवळ धरला.

डोळे पुरे झाले तसा तो हात पुन्हा मांडीवर पडला. तो आजतागायत उठलेला नाही.

उष्णतेचं गणित कुणाला सुटत असेल तर जरूर सांगा, पण आधी मीटर लावून. मला ते सुटलेलं नाही. सुनीता हे सदर रोज वाचते... आज हेही वाचेल.