अकरा पक्षी आणि एक फोटो

बाजारात त्याला सगळे मिलीग्राम म्हणत. हे नाव किराणावाल्याने पाडलेलं. वीसेक वर्षांपूर्वी किराणावाल्याचा काटा दोन ग्रॅम पुढे पळत होता. "दोन ग्रॅमनं कुणाचं काय जातं हो?" असं त्याने विचारायचा अवकाश, या गृहस्थाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि रोजची गिऱ्हाइकं गुणिले वर्षाचे दिवस असं गणित त्याच्यासमोर मांडलं. उत्तर पोत्यात गेलं तेव्हा किराणावाला म्हणाला, "तुम्ही बायकोशीसुद्धा मोजून मापून बोलत असाल." ही गोष्ट बायकोच्या कानावर गेली तेव्हा ती म्हणाली, "बोलतात कुठे?"

काटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. घराची पुढची खोली हेच दुकान. भिंतीला खिळ्यांवर स्प्रिंगा लटकलेल्या, टेबलावर पोट उघडून पडलेले इलेक्ट्रॉनिक काटे, आणि कपाटात लाकडी पेटीत तपासणीची पितळी वजनं. या वजनांना तो बोट लावत नसे, चिमट्यानेच उचले. बोटाचा घाम लागून वजन वाढतं म्हणे. पस्तीस वर्षं दुकानदारांच्या लबाड्या पकडण्यात गेल्यामुळे त्याला वाटे की आपल्याला कुणी फसवू शकत नाही. असं ज्याला वाटतं त्याची वेळ यायला फार उशीर लागत नाही.

त्याची थोरली बहीण, अक्का, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं लोकांच्या लायनी जोडून निवृत्त झालेली. आवाज अजून असा, की "हॅलो" म्हटलं तर पलीकडचा माणूस नीट बसून बोलायला लागे. तिला एकच नाद, चांदीच्या नाण्यांचा. टांकसाळीने बारा वर्षं दर वर्षी एका पक्ष्याचं एक नाणं काढलं होतं. बगळा, घुबड, सुतार, टिटवी, असे बारा. अक्काकडे अकरा होते. नवव्या वर्षाचा खंड्या नव्हता. त्या वर्षी साचाच तडकला, थोडीच नाणी निघाली, आणि अक्का रजा काढून रांगेत पोचेपर्यंत खिडकी बंद झाली होती. अल्बमच्या पानावर खंड्याचा कप्पा तेव्हापासून रिकामा. अक्का म्हणे, "उडून गेलाय. येईल."

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा डोळा गेला. यंदा डाव्याची पाळी आली. डॉक्टरांनी मिलीग्रामला बाजूला घेऊन सांगितलं, "थेंब चालू ठेवा. पण गेलेलं परत येत नाही. तीन-चार महिने बरं दिसेल, पुढचं मी सांगू शकत नाही." बाजूला म्हणजे किती बाजूला, तर अक्काच्या खुर्चीपासून दोन पावलं. कान तिचे शाबूत होते. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "खंड्या तेवढा बघायचा राहिला बघ."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मिलीग्रामने नाण्यांचे दोन व्यापारी गाठले. एक म्हणाला, मी स्वतः कधी पाहिला नाही. दुसरा नुसताच हसला. मग बायकोने सुचवलं, "मोबाईलवर बघा की. हल्ली तिथं सगळं मिळतं."

आणि मिळालं. पहिल्याच झटक्याला. 'खंड्या चांदी नाणं, दुर्मिळ, अस्सल, संग्राहकांसाठी.' आणि फोटो काय सांगावा. पाण्याकडे झेपावणारा पक्षी, चोच खाली, पंख आवळलेले, आणि काठाला जुन्या चांदीची ती धुरकट छटा. मिलीग्रामने चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल नाकाजवळ नेऊन पाहिलं. अक्षरांचे कोपरे, कडेवरचे दाते, सगळं जिथल्या तिथे. खालती गिऱ्हाइकांनी दिलेल्या चांदण्या, पाचात साडेचार.

किंमत मात्र जेमतेम एका इलेक्ट्रॉनिक काट्याएवढी होती. त्याच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. म्हणून त्याने विक्रेत्याला लिहून विचारलं, 'फोटोत आहे तेच नाणं येणार का?' उत्तर आलं, 'हो सर.' त्याने विचारलं, 'वजन किती?' उत्तर आलं, 'ओरिजिनल वजन सर.' बाजारात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मिलीग्राम त्याचा काटा उलटा करून बसला असता. पण डॉक्टरांचे तीन-चार महिने डोक्यात टिकटिकत होते. त्याने ऑर्डर दिली, आणि पोरकटपणा असा की लगेच जाऊन अक्काला सांगूनही आला.

"खंड्या सापडला."

"कुठं?"

"येतोय. बुधवारी. फोटो तर फार सुरेख आहे."

अक्का म्हणाली, "मग मंगळवारी मी डोळ्यांना सुट्टी देते. वर्तमानपत्र नको, टीव्ही नको. साठवून ठेवते."

बुधवारी डबी आली. आत मखमल, मखमलीवर नाणं. मिलीग्रामने ते चिमट्याने उचललं आणि उचलतानाच त्याचा हात थबकला. पस्तीस वर्षांच्या हाताला काट्याची गरज नसते. तरीही त्याने ते काट्यावर ठेवलं. अक्काच्या बाकीच्या नाण्यांसारखं साडेअकरा ग्रॅम पाहिजे होतं, नऊ पूर्णांक चौऱ्याऐंशी भरलं. काटा पुसून पुन्हा ठेवलं. नऊ पूर्णांक चौऱ्याऐंशी. टेबलावर उभं करून फिरवलं, तर चांदीसारखं किणकिणायचं सोडून कुणीतरी बशी ठेवल्यासारखा आवाज आला.

आणि इथे त्याने ती चूक केली, जी या धंद्यातला माणूसच करू शकतो. खोटं वजन समोर आलं की तळाला कानस मारून आत काय भरलंय ते पाहायचं, ही पस्तीस वर्षांची सवय. कुणी शिसं काढून लाख भरलेली असते, कुणी मेण. कानस मारली की सगळं बाहेर येतं आणि दुकानदाराची मान खाली जाते. त्याचा हात आपोआप खणात गेला, बारीक कानस निघाली, आणि नाण्याच्या कडेवर दोन घासे बसले. पांढऱ्या मुलाम्याखाली पितळ पिवळंधमक हसलं.

"बघ," तो बायकोला म्हणाला. आवाजात पकडल्याचा आनंद होता.

बायकोने नाणं पाहिलं, मग डबीतला कागद पाहिला आणि वाचून दाखवला. "परत करायचं असल्यास वस्तू मूळ स्थितीत असावी. ओरखडा, खूण अथवा बदल चालणार नाही." कागद खाली ठेवून ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच ना हो?"

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद तिथेच विरला.

तरी त्याने तक्रार लिहायला घेतली. तक्रारीचा फॉर्म मोठा गमतीचा होता. परत करण्याचं कारण तुम्ही सांगायचं नाही, त्यांनी दिलेल्यातून निवडायचं. आकार बसला नाही. रंग आवडला नाही. उशिरा पोचलं. विचार बदलला. 'खोटं आहे' असं कारण त्यात नव्हतं. वजनाचा तर पत्ताच नव्हता.

"विचार बदलला लिहा," बायको म्हणाली. "त्याला प्रश्न विचारत नाहीत. शेजारणीने तीनदा साड्या परत केल्या तशा."

"माझा विचार बदललेला नाही."

"तो त्यांना कुठं माहिताय?"

"मला माहिताय ना."

बायकोने कपाळाला हात लावला. शेवटी त्याने 'रंग आवडला नाही' निवडलं, कारण पितळाचा रंग त्याला खरोखरच आवडला नव्हता, आणि खाली काट्याचा, नाण्याचा आणि कडेवरच्या पितळाचा फोटो जोडला. दोन दिवसांनी उत्तर आलं. फोटोतील वस्तू जाहिरातीतील फोटोशी जुळते. मात्र कडेवर ओरखडा आढळल्यामुळे विनंती नाकारण्यात येत आहे.

म्हणजे जो पुरावा तोच गुन्हा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग त्याने जाहिरात परत उघडून मुळापासून वाचली. वर जाड अक्षरात 'चांदी नाणं' होतं. बोटाने खाली, खाली, आणखी खाली गेल्यावर, धुण्याच्या सूचना असतात तसल्या मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'धातू: मिश्र, चांदीच्या रंगाचा. स्मरणिका. फोटो नमुन्यादाखल.' वर लिहिलेलं खालच्याने खाल्लं होतं, आणि दोन्ही एकाच पानावर सुखाने नांदत होती. साडेचार चांदण्या देणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं होतं, 'पॅकिंग छान.' दुसऱ्याने, 'वेळेत आलं.' नाणं कसं आहे यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्याने स्वतः अभिप्राय लिहिला. सरळ, एका ओळीत: 'हे पितळ आहे, वजन कमी आहे, घेऊ नका.' संध्याकाळी निरोप आला की अभिप्राय आमच्या नियमांत बसत नसल्याने दाखवता येत नाही. त्याने मदतीच्या नंबरवर फोन लावला. पस्तीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमची अडचण मी समजू शकते."

"मग काय करणार?"

"सर, मला इथून तेवढंच करता येतं."

तिचीही काही चूक नव्हती. तिच्यासमोरही बहुधा कारणांची यादीच होती.

या सगळ्यात दहा दिवस गेले. अक्काला तो रोज काहीतरी सांगे. डबी यायचीय, पोस्टात अडकलीय. अकराव्या दिवशी बायको म्हणाली, "कप्प्यात ठेवा ना तेच. घासलेली बाजू आत करून. त्यांना एका डोळ्याने काय कळणार? समाधान तरी होईल."

तिचं म्हणणं वाईट नव्हतं. प्रेमानेच म्हणत होती. तो नाणं खिशात घालून निघालासुद्धा. दोन गल्ल्या चालायला पाच मिनिटं लागतात, त्याला वीस लागली.

अक्का खिडकीशी अल्बम उघडून बसली होती. ऊन पानावर येईल अशी खुर्ची सरकवलेली, शेजारी भिंग पुसून ठेवलेलं.

"आण," ती म्हणाली आणि तळहात पुढे केला.

त्याने खिशात हात घातला. नाणं बोटांना लागलं. हलकं, नऊ पूर्णांक चौऱ्याऐंशी. ते तिच्या हातावर ठेवायला तसा काहीच जोर लागला नसता.

"अक्का, खोटं आहे गं ते," तो म्हणाला. "पितळ आहे. मी फसलो."

अक्काचा हात तसाच राहिला. मग तिने तो हळूच मांडीवर घेतला.

"तू?"

"मी."

"बाजारात सांगू नकोस. किराणावाला वर्षभर पुरवेल."

तो हसला नाही. अक्काही फार हसली नाही. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"परत?"

"घेत नाहीत. मी कानस मारली."

"तू मारणारच." ती थांबली. "आणि दुसरा कुठं?"

"नाही. सगळीकडे विचारलं."

भिंग हातात फिरवत ती म्हणाली, "तू म्हणालास फोटो फार सुरेख आहे. तो तरी खरा आहे का?"

हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता. त्याने मोबाईल काढून ती जाहिरात उघडली, फोटो मोठा केला, आणि पहिल्यांदाच त्याकडे गिऱ्हाईक म्हणून न पाहता काटेवाला म्हणून पाहिलं. धुरकट काठ, तासलेले दाते, चोचीपाशी साच्याच्या तडकण्याची केसाएवढी रेघ. कुणाच्या तरी कपाटातल्या खऱ्या खंड्याचा फोटो होता तो. चोरलेला असेल, पण खरा.

"फोटो खरा आहे," तो म्हणाला.

"मग तो दाखव."

त्याने मोबाईल तिच्या डाव्या डोळ्यासमोर धरला. ती भिंग घेऊन पुढे वाकली. एकेक इंच करून पाहत गेली. चोच, डोळा, पंखांवरचं एकेक पीस. मधेच पडदा अंधारला की तो अंगठा लावी, पुन्हा उजळे. त्याचा हात भरून आला, तरी त्याने हलवला नाही.

"खाली काहीतरी हलतंय," अक्का म्हणाली. "अक्षरं बदलतायत. काय लिहिलंय?"

त्याने वाचलं. "फक्त दोन शिल्लक. या क्षणी चौदा जण हे नाणं पाहत आहेत."

"चौदा? कोण ते?"

"असतील कुणीतरी. तुझ्यामाझ्यासारखे."

"मग सांग की त्यांना. घेऊ नका म्हणावं."

"कसं सांगू?"

"लाईन जोडायची सोय नाही?"

"नाही."

अक्का भिंग डोळ्यापासून दूर न करता पंखांवरून खाली सरकली. आकडा बदलून सतरा झाला. त्याने तो तिला वाचून दाखवला नाही.

"धर नीट," ती म्हणाली, "शेपटी राहिलीय." पडदा पुन्हा अंधारू लागला, आणि त्याने अंगठा लावला.