जावयाची खुर्ची

आमच्या गावातून मेट्रो स्टेशनला जाताना एक रस्ता लागतो. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला बिल्डरने ठोकलेले निळे पत्रे आणि मधे दोन गाड्या जेमतेम जातील एवढी जागा. सकाळी साडेसहाला तिथे फक्त बायका असतात. सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाणाऱ्या, हाउसकीपिंगवाल्या आणि माझ्यासारखी एखादी ऑफिसवाली. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा असला की घसा खवखवतो, म्हणून डोळे तेवढे सोडून आम्ही सगळ्याजणी चेहरा ओढणीत गुंडाळतो.

मी खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. वय एकेचाळीस. वय मुद्दाम सांगितलं, कारण पुढे गावातल्या एका मावशीने मला विचारलंच, या वयात तुला कोण कशाला हात लावायला येतोय.

तर लावला. मागून स्कूटर आली, वेग कमी झाला, पाठीवरून खाली हात फिरला, जोरात चिमटा बसला आणि गाडी निघून गेली. पांढरी स्कूटर, काळं हेल्मेट, नंबरप्लेटवर चिखल. सगळं मिळून तीन सेकंद. मला लाज वाटली नाही. अशा वेळी बाईला लाज वाटते असं म्हणतात, ते कोणी ठरवलं ठाऊक नाही. मला राग आला, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं म्हणून आणखी आला. ऑफिसात दिवसभर मी पोरांवर खेकसत होते.

तीन आठवड्यांत चार वेळा झालं. मी पर्स मागे लटकवली, पत्र्यांना घासून चालले, फोन कानाला लावून मोठ्याने बोलत चालले. स्वतःच्या गावात, जिथे माझ्या आजोबांची भातशेती होती त्या जमिनीवर, मी चोरासारखी मागे बघत चालत होते. पाचव्या आठवड्यात भावाला सांगितलं.

भावाने दोनच गोष्टी विचारल्या. किती वाजता आणि गाडी कोणती. कोण असेल, असं त्याने विचारलंच नाही, कारण ते त्याच्या दृष्टीने ठरलेलं होतं. शेती नव्या शहरासाठी गेल्यापासून आमचं सगळं गाव खोल्यांवर जगतं. प्रत्येकाने दोन-तीन मजले चढवलेत आणि भाडोत्री ठेवलेत. गटार तुंबलं तर भाडोत्र्यांमुळे. जिन्यातला बल्ब गेला तर भाडोत्र्याने नेला. पोरगी पळून गेली तरी आधी खोल्या तपासतात. आमच्या टाकीवर "भाडोत्र्यांनी पाणी जपून वापरावे" ही पाटी मीच रंगवली आहे. आमच्या घरातले सकाळी पाइप लावून अंगण धुतात, त्यांच्यासाठी पाटी नाही.

आमच्याच तळमजल्यावर परभणीकडचं एक कुटुंब होतं. नवरा पार्सल पोचवायचा, बायको सोसायटीत पोळ्या करायची, मुलगी चौथीत. त्याची स्कूटर पांढरी होती.

त्याच संध्याकाळी भाऊ चार पोरं घेऊन खाली गेला. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी होते. त्यांनी त्याला अंगणात ओढलं, मुलीसमोर मारलं. त्याचा चष्मा उडून नळाखाली पडला. तो मार चुकवत नव्हता, फक्त वर माझ्याकडे बघत होता. "ताई, तुम्ही बघितलंय का मला? तुम्हीच सांगा," असं तो दोनदा म्हणाला.

मी चेहरा बघितला नव्हता. तसं सांगायला तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी म्हणाले, "गाडी पांढरी होती."

तासाभरात त्यांची भांडी टेम्पोत चढली. जाताना बायकोने अंगणातली चूल झाडून घेतली, राख केराच्या डब्यात टाकली आणि खोलीची चावी आमच्या पायरीवर ठेवली. रात्री जेवताना भाऊ खुशीत होता. मीही दोन घास जास्तच खाल्ले. आता रस्ता मोकळा, असं मला वाटलं होतं.

आठवडाभर भावाने मला बाइकवरून सोडलं. मग त्याला झोप प्यारी झाली आणि मी पुन्हा चालायला लागले. दुसऱ्याच दिवशी मागे तोच आवाज आला. वेग कमी झाला. माझ्या हातात पाण्याने भरलेली स्टीलची बाटली होती. हात पाठीला लागला आणि मी मागे न बघता बाटली फिरवली. ती त्याच्या कोपरावर बसली. स्कूटर पत्र्यावर आदळली, तो खाली पडला, उठला आणि हेल्मेट काढून हिंदीत शिव्या द्यायला लागला. मीही ओढणी खाली ओढून शिव्या द्यायला लागले. मग आम्ही एकमेकांना ओळखलं.

तो माझ्या काकांचा जावई होता. माझ्या चुलत बहिणीचा नवरा. रेती-खडी पुरवतो, काकांच्या नव्या बिल्डिंगचं काम बघायला रोज सकाळी गावात येतो. त्याच्या लग्नात मी त्याला ओवाळलं होतं.

मला ओळखल्यावर त्याच्या चेहऱ्यावर भीती आली नाही, हे मला अजून आठवतं. त्याला हायसं वाटलं. कोपर चोळत तो चक्क हसला. "अगो ताई, तू हायस होय? मला वाटला, कोन भाडोत्रीन हाय."

यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं ते मला लपवता येत नाही. मी ओरडले, "मी तुला भाडोत्रीण दिसते?" जणू माझी तक्रार तेवढीच होती. पुढचा सबंध दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि मधे मधे हे वाक्य वर यायचं, तेव्हा स्वतःलाही.

घरी सांगितलं. आई रडली, पण बहिणीच्या संसाराचं काय होईल म्हणून. पोलिसांत जायचं नाही, आपलं आपण निस्तरू, असं वडील म्हणाले. म्हणजे गावकी. आमच्याकडे अशा गोष्टी देवळाच्या सभामंडपात पंचांसमोर सुटतात, आणि पंचांमध्ये काकाच मोठे.

रविवारी सगळे जमले. पुरुष सतरंजीवर, बायका बाहेर पायऱ्यांवर. मी हट्टाने आत उंबऱ्याजवळ जाऊन बसले. मग जावई आला. तो आल्या आल्या एक म्हातारे पंच उठले, कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची त्यांनी उपरण्याने पुसली आणि त्याला दिली. सवयच ती. गावाचा जावई जमिनीवर बसत नाही. तो बसला. पहिला चहाही त्यालाच गेला. ज्याचा निवाडा करायचा तो वर खुर्चीत चहा पीत होता आणि पंच खाली मांडी घालून मान वर करून त्याच्याशी बोलत होते. मला वाटलं, कोणाला तरी हे दिसेल. कोणालाच दिसलं नाही.

माझ्या वतीने वडील बोलले. "जरा हात लागला" असं ते म्हणाले. मी त्यांना थांबवलं आणि हात कुठे लागला, कसा लागला, किती वेळा, ते नावं घेऊन सांगितलं. मंडपात कोणी वर बघेना. मग त्याने रस्त्यात म्हटलेलं वाक्यही मी सांगितलं. मला वाटलं होतं, हे ऐकून तरी यांना चीड येईल.

काकांचा चेहरा उलट मोकळा झाला. "मंग बोल ना तसा," ते म्हणाले. "त्याने तुला वलखलाच नाय. गैरसमज झाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भावानेही. त्या एका शब्दावर सगळं मिटलं. जावयाने देवापुढे नारळ फोडला, पुढे असं होणार नाही म्हणाला. कोणाशी होणार नाही, ते त्याला कोणी विचारलं नाही. मी विचारलं, आणि ज्याला मारून काढलं त्या माणसाचं काय? एक पंच कंटाळून म्हणाले की तो कुठे आपल्या गावचा, त्याचं इथे कशाला. मग जावयाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं म्हणून काकूने घरून टॉवेल, टोपी आणि नारळ आणला. त्याला टोपी घालताना मी बघितलं. इतकी घाण मला त्या रस्त्यावरही वाटली नव्हती.

भाडेकराराच्या कागदावर त्यांचा फोन नंबर होता. मी तीन वेळा लावला, नवऱ्याने तिन्ही वेळा कापला. चौथ्यांदा बायकोने उचलला. खांदेश्वरला स्टेशनच्या मागे खोली घेतली होती त्यांनी. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर मी गेले. ती दारातच कणीक मळत बसली होती. आत ये म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो नव्हता, आमचा जावई होता, माझं चुकलं, मी चेहरा बघितला नव्हता आणि तरी बोलले. माफी मागितली.

ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "ते काळं हेल्मेट मला तुमच्या आधीपासून ठाऊक होतं. दोन वर्सं झाली."

मी तिथेच पायरीवर बसले. ती रोज सहाला त्याच रस्त्याने जायची. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तो भांडायला गेला असता म्हणून. मालकीण म्हणून मला सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं होतं. टाकीपाशी ती माझ्याशी बोलायला थांबलीही होती. मला ते आठवत नाही. तेव्हा मी तिला बादली नळाखालून बाजूला घे म्हणाले होते, असं तिने सांगितलं.

"बोलले असते तर खोली गेली असती," ती म्हणाली. "नाही बोलले, तरी गेलीच."

मी म्हणाले, मी आता इथून पोलीस चौकीत जाणार आहे. तुम्ही यावं असं म्हणायला माझं तोंड नाही. तिने परातीवर ताट झाकलं, हात धुतले, मुलीला शेजारणीकडे बसवलं आणि पायात चपला सरकवल्या. तिने मला माफ केलं असं कोणी समजू नये. रिक्षात तिने आपली पिशवी आमच्या दोघींच्या मधे ठेवली आणि खारघर येईपर्यंत ती बाहेर बघत होती.

चौकीत टेबलासमोर एकच खुर्ची होती. मी ती तिच्यापुढे सरकवली. ती बसली, मी उभी राहिले. हवालदाराने माझं सगळं लिहून घेतलं. आरोपी नात्याने कोण, विचारलं. जावई म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. घरातलं प्रकरण आहे, बहिणीचा संसार आहे, बसून मिटवा, असं तो समजावू लागला. मी म्हणाले, बसून झालं. मग त्याने खुर्चीतल्या बाईकडे बघून विचारलं की ह्या कोण, घरच्याच का.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी यांची भाडोत्री. तोच माणूस मला दोन वर्सं हात लावत होता. यांनी माझ्या नवऱ्याला मारलं आन् आम्हाला बाहेर काढलं."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. "हे खरं आहे का, मॅडम?"

"खरं आहे," मी म्हणाले. "तेही लिहा."